सोल्फेरिनोची टेकडी

इटलीच्या उत्तर भागात गार्दा नावाचे एक विस्तीर्ण सरोवर आहे. त्याच्या उत्तरेस आल्प्स पर्वताच्या रांगा उभ्या आहेत आणि दक्षिणेस लहान लहान टेकड्यांचा एक पट्टा पसरला आहे. मिलानहून व्हेनिसकडे जाणारी आगगाडी या सरोवराच्या दक्षिण काठाजवळून जाते. तेथे देसेन्झानो या स्थानकावर उतरून दक्षिणेकडे वळले की द्राक्षांचे मळे, मक्याची शेते आणि सुरूच्या झाडांच्या उंच, काळपट हिरव्या रांगा दिसू लागतात. या शांत मुलखात सुमारे अडीच हजार वस्तीचे सोल्फेरिनो नावाचे एक गाव आहे. गावात राजवाडा नाही, विद्यापीठ नाही, मोठी बाजारपेठही नाही. तरीही देशोदेशींची माणसे वाट वाकडी करून येथे येतात. याच टेकड्यांवर २४ जून १८५९ या दिवशी युरोपातील एक घनघोर लढाई झाली. आणि त्या लढाईतून पुढे जे निर्माण झाले, ते लढणाऱ्यांपैकी कोणाच्याही मनात नव्हते.

गावाच्या माथ्यावर एक चौकोनी दगडी बुरूज आहे. तो अकराव्या शतकातील असून त्याला ‘इटलीचा हेर’ असे नाव पडले आहे. बुरुजावर चढून गेले की या नावाचे कारण आपोआप समजते. उत्तरेकडे सरोवराचे निळे पाणी चमकताना दिसते; दक्षिणेकडे सपाट मैदान क्षितिजापर्यंत पसरलेले असते; पूर्वेकडे मिंचो नदीचे खोरे आहे. एवढ्या मोठ्या प्रदेशातील सैन्याची हालचाल येथून सहज टिपता येई. म्हणून ज्याच्या हाती ही टेकडी, त्याच्या हाती भोवतालचा मुलूख, असे त्या काळी सेनापतींना वाटे. त्या एका टेकडीसाठी हजारो माणसांनी प्राण का वेचले, हे या बुरुजावर उभे राहिल्यावर ध्यानात येते.

त्या काळी इटली हे एक राष्ट्र नव्हते. त्याचे अनेक तुकडे झालेले होते. मिलान व व्हेनिस ही नामांकित शहरे आणि त्यांच्या भोवतालचे लोंबार्डी व व्हेनेशिया हे प्रांत ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या ताब्यात होते. हे तुकडे जोडून स्वतंत्र इटली निर्माण करावी, या ध्येयाने अनेक देशभक्त झटत होते. त्यांपैकी मॅझिनी व गॅरिबाल्डी ही नावे पुढे महाराष्ट्रातही आदराने घेतली जाऊ लागली. मॅझिनीच्या आत्मचरित्राचे विनायक दामोदर सावरकर यांनी केलेले मराठी भाषांतर १९०७ साली प्रसिद्ध झाले होते. १८५९ साली सार्डिनियाचा राजा दुसरा व्हिक्टर इमॅन्युएल याने फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याच्याशी मैत्री करून ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध केले. ऑस्ट्रियाचा तरुण सम्राट फ्रान्झ जोसेफ हाही जातीने रणांगणावर आला. आपल्या देशातील १८५७ च्या स्वातंत्र्ययुद्धाला तेव्हा अवघी दोन वर्षे झाली होती.

सोल्फेरिनोची लढाई ठरवून झाली नाही. ऑस्ट्रियाचे सैन्य मिंचो नदीपलीकडे मागे हटले आहे, असे फ्रेंच व इटालियन सेनापतींना वाटत होते. प्रत्यक्षात ते सैन्य आदल्या दिवशी नदी ओलांडून पुन्हा अलीकडे आले होते. शत्रू इतका जवळ असेल याची कल्पना त्यालाही नव्हती. २४ जूनच्या पहाटे दोन्हीकडील तुकड्या अकस्मात एकमेकींसमोर आल्या आणि गोळीबार सुरू झाला. पाहता पाहता पंधरा किलोमीटरांहून लांब अशा आघाडीवर दोन्ही बाजूंचे मिळून अडीच लाखांहून अधिक सैनिक लढाईत गुंतले. दिवस कडक उन्हाळ्याचे होते. पुष्कळ शिपायांना सकाळपासून पोटभर अन्न मिळाले नव्हते. पाणी तर त्याहून दुर्मीळ होते. दुपारी फ्रेंचांनी सोल्फेरिनोची टेकडी जिंकली. उत्तरेकडे सान मार्तिनो येथे इटालियन सैनिक संध्याकाळपर्यंत झुंजत होते. शेवटी आकाश काळवंडून आले, सोसाट्याचा वारा सुटला आणि गारांसह मुसळधार पाऊस कोसळला. त्या वादळाच्या आडोशाने ऑस्ट्रियाचे सैन्य माघारी गेले. त्या एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ४०,००० सैनिक मृत, जखमी अथवा बेपत्ता झाले.

या लढाईच्या आठवणी सोल्फेरिनोच्या लहानशा संग्रहालयात जतन केल्या आहेत. तेथे तोफा, बंदुका, संगिनी, तलवारी, गणवेश, नकाशे आणि कागदपत्रे मांडून ठेवलेली आहेत. प्रथमदर्शनी मुलांचे लक्ष झगझगीत गणवेशांकडे व तोफांकडे वेधले जाते. परंतु जरा थांबून बारकाईने पाहणाऱ्याला या वस्तू निराळीच हकीकत सांगू लागतात. उदाहरणार्थ, त्या वेळच्या नव्या बंदुकांच्या नळ्या आतून गुळगुळीत नव्हत्या; त्यांत मळसूत्रासारखे आटे पाडलेले असत. त्यामुळे गोळी स्वतःभोवती गिरक्या घेत सुटे, आणि अधिक दूर व अधिक अचूक जाई. फ्रेंचांच्या नव्या तोफांतही असेच आटे होते. गोळीचा आकारही बदलला होता. पूर्वीची वाटोळी गोळी जाऊन तिच्या जागी निमुळत्या टोकाची शिशाची गोळी आली होती. शिसे मऊ असल्याने ही गोळी हाडावर आदळताच चपटी होई आणि हाडाचा चुरा करी. मनुष्याला जखमी करण्याची विद्या अशी झपाट्याने पुढे गेली होती. जखमी मनुष्याला वाचविण्याची व्यवस्था मात्र फार मागे राहिली होती. सैन्याबरोबर डॉक्टर अगदी थोडे होते, जखमींना वाहून नेणाऱ्या गाड्या अपुऱ्या होत्या आणि मलमपट्टीचे सामान वेळेवर पोहोचत नव्हते. संग्रहालयातील शस्त्रे पाहताना ही गोष्ट लक्षात घेतली, तरच पुढची कथा नीट समजते.

संग्रहालयाजवळच संत पीटर यांच्या नावाचे एक चर्च आहे. १८७० सालापासून ते अस्थिगृह म्हणून राखलेले आहे. लढाईत पडलेल्या सैनिकांना घाईघाईने शेतांत पुरलेले होते. पुढे त्यांच्या अस्थी उकरून येथे आणण्यात आल्या. सुमारे ७,००० सैनिकांचे अवशेष या एका इमारतीत आहेत. वेदीच्या मागे भिंतीवर कवट्यांच्या रांगाच रांगा लावलेल्या दिसतात. येथे आलेला प्रवासी आपोआप हलक्या आवाजात बोलू लागतो. यांतील फ्रेंच कोण, ऑस्ट्रियन कोण आणि इटालियन कोण, हे आता ओळखता येत नाही. गणवेश गेले, झेंडे गेले, भाषाही गेल्या. उरली ती केवळ माणसे. मृत्यूनंतर सहज दिसणारी ही गोष्ट जिवंतपणी कोणाच्या लक्षात आली होती काय? आली होती, आणि ती आठ-नऊ किलोमीटरांवरील कास्तिल्योने या गावातील साध्यासुध्या स्त्रियांच्या लक्षात आली होती.

लढाईनंतरच्या तीन दिवसांत सुमारे ९,००० जखमी या गावात आणले गेले. गावाच्या वस्तीहून जखमींचीच संख्या अधिक झाली. रुग्णालये, मठ, शाळा, घरे, अंगणे, सगळे काही भरून गेले. शेवटी रस्त्यांच्या कडेने गवत पसरून त्यावर जखमींना निजविण्यात आले. गावातील एका मोठ्या चर्चमध्ये सुमारे पाचशे सैनिक दाटीवाटीने पडले होते आणि बाहेर आणखी शंभरेक होते. कोणी पाणी मागत होता, कोणी आईला हाक मारीत होता, कोणी वेदनेने विव्हळत होता. त्यांच्याजवळ जावयास माणसे नव्हती.

याच वेळी हेन्री ड्यूनंट नावाचा एकतीस वर्षांचा स्विस व्यापारी तेथे आला होता. तो जिनिव्हाचा राहणारा होता. अल्जीरियातील आपल्या गिरण्यांसाठी जमीन व पाणी यांचा परवाना हवा होता, म्हणून त्याला फ्रान्सच्या सम्राटाची भेट घ्यावयाची होती. तो डॉक्टर नव्हता, सैनिक नव्हता, आणि इटलीशी त्याचा काही संबंधही नव्हता. हे आपले काम नव्हे, असे म्हणून तो पुढे निघून गेला असता, तर त्याला कोणी नावे ठेविली नसती. परंतु समोरचे दृश्य पाहून त्याचे पाऊल पुढे पडेना. आपले काम बाजूस ठेवून तो त्या चर्चमध्ये गेला आणि जखमींना पाणी पाजू लागला, त्यांच्या जखमा धुऊन बांधू लागला. त्याचा पोशाख पांढरा होता. त्यामुळे जखमी सैनिक त्याला ‘पांढऱ्या कपड्यांतले गृहस्थ’ म्हणून ओळखू लागले. त्याने आपली घोडागाडी ब्रेशिया शहरी पाठवून लिंबे, साखर, सदरे, स्पंज आणि पट्ट्यांसाठी कापड मागविले. गावातील स्त्रियांना एकत्र करून त्याने त्यांच्याकडे कामे वाटून दिली. लहान मुलांनाही काम मिळाले. जवळच्या कारंज्यांवरून बादल्या व भांडी भरभरून ती मुले सारखी चर्चकडे धावत होती. ज्यांना बंदूक उचलताही आली नसती अशा त्या मुलांच्या हातांनी त्या दिवशी कितीतरी कोरड्या ओठांना पाणी मिळाले.

त्या स्त्रियांपुढे एक अवघड प्रश्न होता. जखमींमध्ये मित्र होते, तसे शत्रूही होते. ज्यांनी आपला देश दडपून ठेवला, त्यांच्या शिपायांची सेवा करावयाची काय? ड्यूनंट राष्ट्रीयत्व न पाहता प्रत्येकाची सारखीच शुश्रूषा करीत होता. ते पाहून स्त्रियाही तसेच करू लागल्या आणि म्हणू लागल्या, “सगळे भाऊच!” या दोन-तीन शब्दांत त्यांनी जे सांगितले, ते पुढे मोठमोठ्या करारांत लिहिले गेले.

परंतु माणसाचे मन सदैव एकाच उंचीवर राहत नाही, हेही ड्यूनंटने प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे. कैद्यांना घेऊन येणारे घोडेस्वारांचे एक पथक दुरून पाहून, ऑस्ट्रियाचे सैन्य परत आले, अशी हूल गावात उठली. क्षणार्धात दारे बंद झाली. विजयाच्या आनंदात खिडक्यांवर लावलेले तिरंगी झेंडे कित्येकांनी जाळून टाकले. काही जण तळघरांत लपले, काही रानात पळाले. आणि काहींनी तर दिसतील त्या ऑस्ट्रियन जखमींना घाईघाईने घरात घेऊन त्यांची सरबराई आरंभिली! भीतीने केलेली सेवा आणि करुणेने केलेली सेवा वरून सारखीच दिसते. पण हूल खोटी ठरताच पहिली थांबते आणि दुसरी चालू राहते. चर्चमधील सेवा त्यानंतरही चालूच राहिली. कैद केलेल्या ऑस्ट्रियन डॉक्टरांना मुक्त करावे, म्हणजे ते जखमींवर उपचार करू शकतील, अशी खटपटही ड्यूनंटने केली आणि ती सफळ झाली.

घरी परतल्यावरही ते दृश्य त्याच्या डोळ्यांपुढून हालेना. १८६२ साली त्याने ‘सोल्फेरिनोची आठवण’ या अर्थाच्या नावाचे एक पुस्तक स्वखर्चाने छापले. त्याच्या १,६०० प्रती काढून त्या त्याने युरोपातील राजे, मंत्री, सेनापती व विचारवंत यांच्याकडे पाठविल्या. या पुस्तकात त्याने दोन सूचना मांडल्या होत्या. पहिली अशी की, प्रत्येक देशात शांततेच्या काळातच स्वयंसेवकांच्या संस्था स्थापन करून त्यांना जखमींच्या शुश्रूषेचे शिक्षण द्यावे. कारण दया कितीही मोठी असली, तरी पूर्वतयारीवाचून ती अपुरी पडते. दुसरी अशी की, जखमी आणि त्यांची सेवा करणारे यांच्यावर कोणीही हल्ला करू नये, असा करार सर्व राष्ट्रांनी मिळून करावा.

या सूचना अनेकांना पटल्या. १८६३ साली जिनिव्हात ड्यूनंट, मोआनिए, जनरल ड्यूफूर, डॉक्टर आपिया व डॉक्टर मोनुआर या पाच जणांची समिती स्थापन झाली. पुढील वर्षी, २२ ऑगस्ट १८६४ रोजी, बारा राष्ट्रांनी जिनिव्हाच्या पहिल्या करारावर सह्या केल्या. रणांगणावर सेवा करणाऱ्यांना दुरूनच ओळखता यावे, म्हणून एक खूण ठरविण्यात आली. स्वित्झर्लंडच्या झेंड्यावर तांबड्या रंगावर पांढरा क्रॉस असतो. ते रंग उलटे करून पांढऱ्यावर तांबडा क्रॉस घेण्यात आला. हाच रेड क्रॉस. पुढे काही देशांनी क्रॉसऐवजी तांबड्या चंद्रकोरीचा स्वीकार केला. खूण निराळी असली, तरी तिचा अर्थ एकच आहे. येथे शत्रू नाही. येथे रुग्ण आणि त्याची सेवा करणारा आहे. भारतीय रेड क्रॉस सोसायटीची स्थापना १९२० साली झाली. पूर, भूकंप, दुष्काळ अशा आपत्तींतही ती कार्य करते, आणि शाळांतील मुलांसाठी तिची ज्युनिअर रेड क्रॉस ही शाखा आहे.

ड्यूनंटचे पुढील आयुष्य मात्र कष्टात गेले. लोकसेवेत गुंतल्यामुळे त्याच्या व्यवसायाकडे दुर्लक्ष झाले आणि १८६७ साली त्याचे दिवाळे निघाले. अनेकांचे पैसे बुडाले. त्यामुळे जिनिव्हात त्याला तोंड दाखविणे कठीण झाले आणि स्वतः स्थापिलेल्या समितीतूनही त्याला बाहेर पडावे लागले. पुढची कित्येक वर्षे तो दारिद्र्यात हिंडत राहिला. शेवटी स्वित्झर्लंडमधील हायडन या डोंगरी गावात त्याला आसरा मिळाला. जग त्याला विसरूनच गेले होते. १८९५ साली एका पत्रकाराने त्याची हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हा तो हयात असल्याचे लोकांना कळले. १९०१ साली शांततेचे पहिले नोबेल पारितोषिक फ्रेडरिक पासी यांच्यासमवेत त्याला देण्यात आले. तरीही तो हायडनच्या रुग्णालयातील आपल्या साध्या खोलीतच राहिला आणि ३० ऑक्टोबर १९१० रोजी तेथेच वारला. त्या रुग्णालयात गरीब रुग्णासाठी एक खाट कायमची मोफत राहावी, अशी तरतूद त्याने मृत्युपत्रात केली होती. ८ मे हा त्याचा जन्मदिवस जगभर रेड क्रॉस दिन म्हणून पाळला जातो.

आज सोल्फेरिनोच्या टेकडीवर सुरूच्या झाडांमधून जाणाऱ्या वाटेच्या टोकाशी रेड क्रॉसचे स्मारक आहे. लढाईला शंभर वर्षे झाली त्या वर्षी, म्हणजे १९५९ साली, ते उभारण्यात आले. कास्तिल्योने येथे रेड क्रॉसचे संग्रहालयही त्याच वर्षी उघडले गेले. तेथे तलवारी-बंदुकांऐवजी जखमींना वाहून नेण्याच्या जुन्या डोल्या, घोड्यांच्या रुग्णगाड्या आणि शस्त्रक्रियेची हत्यारे पाहावयास मिळतात. दरवर्षी जून महिन्यात अनेक देशांचे स्वयंसेवक सोल्फेरिनो येथे जमतात आणि हाती मशाली घेऊन कास्तिल्योनेपर्यंत चालत जातात. ज्या वाटेने एके काळी जखमींच्या गाड्या कण्हत गेल्या, त्याच वाटेने ही दिव्यांची ओळ जाते.

तेथून काही किलोमीटरांवर सान मार्तिनो येथे आणखी एक स्मारक आहे. तो १८९३ साली पुरा झालेला, साठ मीटरांहून अधिक उंच असा एक भव्य मनोरा आहे. तो व्हिक्टर इमॅन्युएल राजाच्या व इटलीच्या ऐक्यासाठी लढलेल्यांच्या स्मरणार्थ उभारला आहे. त्यांचे शौर्य खरे होते आणि त्यांचे ध्येयही उदात्त होते. लढाईनंतर लोंबार्डी मुक्त झाला. १८६१ साली इटलीचे राज्य स्थापन झाले, आणि १८६६ साली व्हेनिसही त्यास जोडले गेले. हा मनोरा पाहून मान अभिमानाने ताठ होते. अस्थिगृहात शिरल्यावर तीच मान खाली जाते. रणभूमी पाहावयास जाणाऱ्याने दोन्ही ठिकाणी जावे. कारण एक स्मारक पाहून दुसरे न पाहणाऱ्यास अर्धाच इतिहास कळतो.

जिनिव्हाच्या करारांनी जगातील युद्धे थांबली नाहीत. ते करार अनेकदा मोडलेही गेले आहेत. तथापि जखमी शत्रूला मारणे हा गुन्हा आहे, असे आज जगातील सर्व राष्ट्रांनी लेखी मान्य केले आहे. १८५९ च्या जूनपर्यंत तसा सर्वांचा करार नव्हता. तीन सम्राट-राजांनी मोठ्या फौजा घेऊन जे केले, त्याचे नकाशे आज संग्रहालयाच्या भिंतींवर आहेत. परंतु एका वाटसरूने, काही गावकरी स्त्रियांनी आणि पाण्याच्या बादल्या घेऊन धावणाऱ्या मुलांनी जे केले, ते अजून चालूच आहे.